अपडेटचा वार

डेबियन स्टेबल, म्हणजे ठरलेल्या आवृत्त्यांवर थांबून राहणारं लिनक्सचं एक डिस्ट्रो (तयार मांडणी), मी सोडलं ते नव्या लॅपटॉपमुळे. २०२३ च्या जूनमध्ये डेबियन १२ आलं. त्यातला कर्नल (सिस्टमचा गाभा) ६.१, म्हणजे आदल्या डिसेंबरचा. लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप त्याहून ताजी. स्क्रीन लागायची, पण झाकण मिटून पुन्हा उघडलं की काळीच राहायची. बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्टेबलसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजेसच्या साठ्यातून, नवा कर्नल घेतला, पाठोपाठ फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा कोड) घेतलं. एडिटर रिपॉझिटरीत (डिस्ट्रोच्या पॅकेजेसच्या साठ्यात) जुना होता म्हणून फ्लॅटपॅकमधून, म्हणजे डिस्ट्रोबाहेरून, आणला. कंपायलर सोर्सवरून बांधला. असं होता होता ज्या ज्या गोष्टींना माझा रोज हात लागतो त्या सगळ्या चार दिशांनी गोळा केलेल्या झाल्या, आणि स्टेबल म्हणावं असं तळाशी काय ते उरलं. त्या चार दिशांच्या अपडेट्सवर लक्ष ठेवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तेवढी मेहनत करायचीच, तर सगळं एकाच ठिकाणाहून ताजं मिळणारं डिस्ट्रो का नको, या हिशेबाने मी आर्च हे रोलिंग, म्हणजे सतत ताजं होत राहणारं, डिस्ट्रो टाकलं.

त्याआधी दोन्ही बाजूंचे सल्ले भरपूर मिळाले. एक पक्ष म्हणतो, रोलिंग म्हणजे दर महिन्याला मोडणार. दुसरा म्हणतो, आमचं एकच इन्स्टॉलेशन कित्येक वर्षं चाललंय, कधी काही झालं नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत असं आता मला वाटतं. त्यांच्या अपडेट करण्याच्या सवयी वेगळ्या असतात, आणि डिस्ट्रोपेक्षा त्या सवयीच जास्त ठरवतात.

डेबियनमध्ये साधारण दोन वर्षांनी सगळी पॅकेजेस एका आवृत्तीवर गोठवतात. त्यानंतर सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात. आर्चला आवृत्तीच नाही. मूळ प्रकल्पाने नवं काही काढलं की ते बांधलं जातं, महत्त्वाची पॅकेजेस आधी टेस्टिंग रिपॉझिटरीतून जातात, आणि मग सगळ्यांना मिळतात. कर्नलची मोठी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि मधल्या छोट्या दुरुस्त्या जवळजवळ दर आठवड्याला. म्हणजे अपडेट रोज मिळू शकतं. ते रोज घ्यायला हवं असं कुणी सांगितलेलं नसतं, पण नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसं मी रोज, कधी दिवसातून दोनदाही, पॅकमन -एसवाययू (आर्चच्या पॅकेज सांभाळणाऱ्या साधनाचा सगळं अपडेट करायचा आदेश) चालवायचो. यादी यायची, वाय दाबायचं, पट्ट्या भरत जायच्या. उगाचच बरं वाटायचं.

त्याच काळात एका दुपारी पेनड्राइव्ह लावला तर माउंट होईना. संदेश आला: अननोन फाइलसिस्टम टाइप एक्सफॅट. आदल्याच दिवशी तो पेनड्राइव्ह याच मशीनवर चालला होता. सकाळच्या यादीत कर्नल होता, हे आठवल्यावर उलगडा झाला. मेमरीत चालत होता तो जुना कर्नल. डिस्कवरचं त्याच्या मॉड्यूल्सचं (लागतील तेव्हा कर्नलला जोडायच्या तुकड्यांचं) फोल्डर मात्र पॅकमनने काढून तिथे नव्या आवृत्तीचं ठेवलं होतं. एक्सफॅटचं मॉड्यूल त्या दिवशी तोवर लागलंच नव्हतं, त्यामुळे ते लोड झालेलं नव्हतं. लागलं तेव्हा जुनं डिस्कवर उरलं नव्हतं आणि नवं या कर्नलला चालणारं नव्हतं. चालू कर्नलची आवृत्ती दाखवणारं यूनेम -आर एक आकडा सांगत होतं, मॉड्यूल्सच्या फोल्डरचं नाव दुसराच. रीबूट केलं, पेनड्राइव्ह मुकाट लागला. डेबियनमध्ये हे होत नाही, कारण तिथे प्रत्येक कर्नल आवृत्तीचं पॅकेज वेगळ्या नावाचं असतं आणि नवं आलं तरी जुनं जागेवर राहतं. इथे कर्नलचं अपडेट रीबूट करेपर्यंत अर्धवटच असतं. तेव्हापासून रीबूट करायला सवड नसेल तर मी अपडेटच करत नाही.

दुसरी गोष्ट आर्चची माणसं पहिल्याच दिवशी कानीकपाळी ओरडून सांगतात: अर्धवट अपग्रेड करायचं नाही. पॅकेजची यादी ताजी करायची आणि त्यातलं एकच पॅकेज ओढायचं, बाकीची मशीन जुनीच ठेवायची, हे चालत नाही. याचं कारण लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड. युनिकोडचं काम करणारी आयसीयू लायब्ररी घ्या. तिच्या आवृत्तीचा मोठा आकडा बदलला की तिच्यावर अवलंबून असलेला प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागतो. रिपॉझिटरीतली सगळी पॅकेजेस तशी बांधून एकत्रच सोडली जातात, त्यामुळे सगळं एकदम घेतलं तर काही कळतही नाही. कळतं ते एयूआरमधून, म्हणजे वापरकर्त्यांनीच दिलेल्या बांधणीच्या कृतींच्या साठ्यातून, आपण स्वतः बांधलेल्या पॅकेजमुळे. त्याला ही बातमी कुणी दिलेली नसते. ते जुन्याच आकड्याची फाइल शोधतं, मिळाली नाही म्हणतं आणि बंद पडतं. पायथनचंही तेच. ३.११ वरून ३.१२ आलं की एयूआरमधली पायथन पॅकेजेस ३.११ च्या फोल्डरमध्ये अनाथ पडून राहतात, ती पुन्हा बांधायची. माझ्याकडे मोडलेल्या गोष्टींत या जातीच्या सर्वांत जास्त निघाल्या, आणि त्या रिपॉझिटरीच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. एयूआरमधून काय घ्यायचं याबाबत मी नंतर बराच कंजूस झालो.

हे सगळं मी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टिपत होतो: तारीख, काय बंद पडलं, कोणत्या पॅकेजमुळे, कसं सुरू झालं. काही महिन्यांनी ती फाइल वाचली तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. खरोखर चूक म्हणावी अशा नोंदी थोड्या. बाकीच्या नोंदींत मूळ प्रकल्पाने काहीतरी बदललं होतं आणि माझी मांडणी जुनी राहिली होती. पोस्टग्रेस या डेटाबेसचं उदाहरण त्यातलं सगळ्यात ठसठशीत. त्याची मोठी आवृत्ती बदलली की डेटाचं फोल्डर जुन्या स्वरूपातलं ठरतं. सर्व्हिस सुरूच होत नाही आणि लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की जुन्या आवृत्तीचा डेटाबेस सापडला. मग जुन्या आवृत्तीच्या फाइल्स देणारं एक वेगळं पॅकेज घ्यायचं, पीजी अपग्रेड चालवायचं, आणि सुरू. मोडलं काहीच नाही, पण सोमवारी सकाळी कामाला बसताना हे पुढ्यात आलं तर त्याला मोडलंच म्हणणार. म्हणून पोस्टग्रेस मी पॅकमनच्या इग्नोर यादीत टाकलंय आणि वेळ काढून हाताने चढवतो. अर्धवट अपग्रेडच्या नियमाला हा अपवाद आहे आणि थोडा धोका त्यात आहेच. तो मी फक्त या एका पॅकेजपुरता पत्करतो.

खऱ्या चुकीची एक नोंद कर्नलची आहे. एका छोट्या आवृत्तीनंतर वायफाय दर काही मिनिटांनी तुटायला लागलं. इथे मला रोलिंगचा असा फायदा दिसला, ज्याबद्दल आधी कुणी बोललं नव्हतं. काय बदललं हे शोधायला /व्हार/लॉगमधला पॅकमनचा लॉग उघडला. मागच्या अपडेटच्या जेमतेम डझनभर ओळी. त्यात वायफायशी संबंध असू शकेल असं दोनच: कर्नल आणि फर्मवेअर. आधीचा कर्नल कॅशेमध्ये (पूर्वी उतरवलेल्या पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये) होताच, पॅकमन -यू देऊन तो परत बसवला, रीबूट केलं, वायफाय टिकलं. एवढ्याने संशयित सापडला. दुरुस्ती येईपर्यंत मी एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या जुन्या, कर्नलवर काम केलं. तो तेव्हापासून शेजारी बसवून ठेवलाय, बूट मेनूत दुसऱ्या ओळीवर असतो. डेबियनची मोठी उडी मारल्यावर वायफाय तुटलं असतं, तर संशयितांची यादी हजारांच्या घरात गेली असती.

इथूनच माझं रोजचं अपडेट थांबलं. बदल कमी असले की चूक शोधणं सोपं, हे कळलं होतं. पण बदल कमी ठेवायचे म्हणून रोज अपडेट करायचं, तर रोजच चूक शोधायची तयारी हवी. कामाच्या दिवशी ती नसते. धाकटा भाऊ एकदा पाहून म्हणाला होता, "दादा, हा संगणक आहे का कुंडीतलं झाड? रोज पाणी काय घालतोस?" आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, असं ठरवलं. तेवढ्यात साठणारी यादी अजून नजरेत मावते.

उलट टोक काय असतं हे जुन्या लॅपटॉपने दाखवलं. तोही आर्चवरच होता, पण कपाटात बंद पडून होता. २०२५ च्या शेवटी तो मुद्दाम बाहेर काढला. कित्येक महिन्यांचं साचलेलं एका दमात चढतं का, हे बघायचं होतं. पहिली अडचण सह्यांची. प्रत्येक पॅकेजवर ते बांधणाऱ्याची डिजिटल सही असते, आणि मधल्या काळात काही किल्ल्यांची मुदत संपलेली, काही नवी माणसं आलेली. पॅकमन म्हणे, या सहीवर विश्वास ठेवता येत नाही. आधी कीरिंगचं, म्हणजे या किल्ल्यांच्या जुडग्याचं, पॅकेज तेवढं चढवलं, मग बाकीचं. दुसरी अडचण फर्मवेअरची. ते एकच मोठं पॅकेज जून २०२५ मध्ये तुकड्यांत विभागलं गेलं आणि काही फोल्डरची मांडणी बदलली. त्यामुळे जुन्यावरून नव्यावर थेट जाता येत नाही. फाइल आधीच अस्तित्वात आहे असं म्हणून सगळा व्यवहार रद्द होतो. उपाय आर्चच्या बातम्यांच्या पानावर तेव्हाच छापला होता: लिनक्स-फर्मवेअर अवलंबित्व न तपासता काढायचं आणि लगेच पूर्ण अपग्रेडबरोबर परत घालायचं. हे दोन आदेश देताना हात जरा थबकतो, कारण मधल्या क्षणी मशीनवर फर्मवेअर नसतं. झालं ते नीट. शेवटी स्क्रीनवर पॅकन्यू फाइल्सची एक लांबलचक यादी आली. आपण बदललेल्या कॉन्फिग फाइलवर पॅकमन नवी लिहीत नाही, शेजारी पॅकन्यू नावाने ठेवतो. दर आठवड्याला अशी एखादी आली तर पॅकडिफमध्ये (जुनी-नवी फाइल ताडून बघायच्या साधनात) दोन मिनिटांत मिटते. तिथे एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि काही फाइल्समध्ये मी मुळात काय बदललं होतं आणि का, हेच आठवेना.

लॅपटॉप शेवटी सुरळीत चालू झाला. पण रोलिंग डिस्ट्रोवर अपडेट साठवून ठेवलं म्हणजे मशीन स्थिर राहते, या समजुतीत काही अर्थ नाही, हे त्या संध्याकाळी पुरतं पटलं. बदल तर सगळे येतातच, एकदम येतात. शिवाय डेबियनवाले मोठ्या उडीसाठी जी वाट तपासून ठेवतात, ती इथे कुणी तपासलेली नसते.

आठवडाभर थांबण्याने सुरक्षेचं काय, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या प्रकरणाने जरा गुंतागुंतीचं केलं. २९ मार्च २०२४ ला, शुक्रवारी, कळलं की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरण्याची वाट, घातलेलं आहे. सगळ्यात चटकन अपडेट घेणाऱ्यांकडेच ते पोचलं होतं: डेबियनची अस्थिर शाखा सिड, ओपनसुसेचं रोलिंग डिस्ट्रो टम्बलवीड, फेडोराची विकासशाखा रॉहाइड. आर्चनेही त्या आवृत्त्या दिल्या होत्या. पण आर्चमध्ये एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करू देणारा) एक्सझेडच्या लायब्ररीशी थेट जोडलेला नसल्याने ज्ञात मार्गाने हल्ला होऊ शकत नव्हता. तरी दुरुस्त पॅकेज आलं तसं मी लगेच घेतलं, शनिवारची वाट पाहिली नाही. डेबियन स्टेबलवर ५.४ होतं, तिथे काहीच झालं नाही. एवढ्यावरून स्टेबल जिंकलं असं म्हणता आलं असतं. पण ते मागचं दार सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसवर काम करणारे अभियंते डेबियनच्या अस्थिर शाखेवर चाचण्या करत होते. एसएसएच लॉगिनला अर्ध्या सेकंदाच्या आसपास जास्त वेळ लागतोय हे त्यांना खटकलं, म्हणून. ताज्या आवृत्तीवर कुणीतरी आधी बसलेलं होतं, म्हणून स्टेबलवाल्यांपर्यंत ती गेलीच नाही.

आणि स्टेबलचंही सगळं आलबेल असतं असं नाही. घरात बॅकअपसाठी एक लहान मशीन आहे, ती मी डेबियन १२ वरच ठेवली होती. ९ डिसेंबर २०२३ ला डेबियन १२.३ यायचं होतं. ते ऐनवेळी थांबवलं गेलं, कारण सोबतच्या ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइलसिस्टमवरचा डेटा खराब करू शकणारी चूक निघाली. दुसऱ्या दिवशी दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ आलं. गंमत अशी की ती चूक ताज्या कर्नलमध्ये नव्हती. नव्यातली एक दुरुस्ती जुन्या ६.१ मध्ये नेताना तिच्या आधीचा आवश्यक बदल सोबत गेला नव्हता. म्हणजे माझ्या आर्चच्या लॅपटॉपला धोका नव्हता आणि स्थिर म्हणून ठेवलेल्या बॅकअपच्या मशीनला होता. जुन्या कोडला नवी ठिगळं लावणं हेसुद्धा बदलणंच आहे. त्या मशीनवर आपोआप अपग्रेड लावलेलं नव्हतं, म्हणून तो कर्नल तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

शनिवारच्या कामाचा आता एक घाट बसलाय. आधी आर्चच्या बातम्या वाचतो. वर्षात मोजक्याच येतात, पण जी येते ती कामाची असते. मग चेकअपडेट्सने यादी पाहतो. ते खऱ्या यादीला हात न लावता वेगळ्या प्रतीवर तपासतं, त्यामुळे अर्धवट अपग्रेडची भानगड होत नाही. यादीत कर्नल, ग्राफिक्स किंवा डेस्कटॉपची मोठी आवृत्ती असेल आणि सोमवारी काही द्यायचं असेल, तर अख्खं अपडेटच पुढच्या शनिवारवर ढकलतो. अपडेट झालं की पॅकडिफ, आणि लगेच रीबूट.

अपडेटच्या आधी बीटीआरएफएस या फाइलसिस्टमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची स्थिती टिपलेली प्रत, आपोआप निघतो. त्यावर माझी फार भिस्त होती, पण परत फिरण्याची वाट एकदा चालून बघावी म्हणून एका मोकळ्या दिवशी, काही मोडलेलं नसताना, कर्नल बदलणाऱ्या अपडेटच्या आधीचा स्नॅपशॉट परत आणला. मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसली. कारण पुन्हा तेच पेनड्राइव्हवालं, उलट्या बाजूने. माझं /बूट (मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइल्सचं फोल्डर) वेगळ्या फॅट पार्टिशनवर आहे, स्नॅपशॉट फक्त बीटीआरएफएसचा निघतो. त्यामुळे सिस्टम मागे गेली, तिच्यासोबत मॉड्यूल्स मागे गेली, आणि /बूटवरचा कर्नल तेवढा नवाच राहिला. त्याला आपली मॉड्यूल्स सापडेनात, /बूट स्वतःच माउंट होईना. लाइव्ह यूएसबीवरून आत शिरून, कॅशेमधला जुना कर्नल पुन्हा बसवून ते सुटलं. त्याच दिवशी पॅकमनला एक हुक लावला, प्रत्येक अपडेटच्या आधी /बूटची प्रत मुख्य डिस्कवर काढणारा. आता स्नॅपशॉटमध्ये कर्नलही असतो, परत फिरताना तो /बूटवर उतरवून घ्यायचा, इतकंच. टम्बलवीडची मंडळी हे सगळं तयार देतात. त्यांचा स्नॅपशॉट ओपनक्यूएच्या स्वयंचलित चाचण्यांतून गेल्यावरच बाहेर पडतो आणि स्नॅपरने मागे जाण्याची सोय पहिल्या दिवसापासून असते. भावाला रोलिंग हवं झालं तेव्हा मी त्याच्या मशीनवर तेच टाकलं.

बॅकअपचं मशीन आर्चवर न्यावं का, असा विचार मध्यंतरी आला होता. १ जुलै २०२४ ला आर्चच्या बातम्यांत आलं की ओपनएसएसएच ९.८ चढवल्यावर एसएसएचडी सर्व्हिस लगेच रीस्टार्ट करा, नाहीतर नवी कनेक्शन्स स्वीकारली जाणार नाहीत. समोर कीबोर्ड असलेल्या मशीनवर हे काहीच नाही. ज्या मशीनला स्क्रीनच नाही आणि जिच्यात फक्त एसएसएचनेच शिरता येतं, तिथे अपडेट करून बाहेर पडलं की दार बंद. बातमी वाचणाऱ्याला काही त्रास झाला नसता. पण त्या मशीनसाठी दर आठवड्याला बातम्या वाचायची माझी तयारी नव्हती, म्हणून विचार सोडला.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि थोड्या दिवसांनी ते मशीन मी त्यावर चढवलं. पायथन ३.११ चं ३.१३ झालं, पोस्टग्रेस १५ चं १७ झालं, /टीएमपी हे तात्पुरत्या फाइल्सचं फोल्डर आता डीफॉल्टने मेमरीत गेलं. पायथनच्या आणि पोस्टग्रेसच्या याच पायऱ्या माझ्या लॅपटॉपवर एकेक करून केव्हाच होऊन गेल्या होत्या. त्यामुळे कोणती स्क्रिप्ट अडणार आणि तिला काय करायचं हे आधीच माहीत होतं. बॅकअपची एक स्क्रिप्ट मोठ्या तात्पुरत्या फाइल्स /टीएमपीमध्ये टाकत होती. ती मेमरी भरून टाकेल म्हणून तिला डिस्कवरचं फोल्डर दिलं. एवढ्याच बाबतीत त्या मशीनने मला काही नवं करायला लावलं. तिथे मी आता फक्त सुरक्षा दुरुस्त्या घेतो, त्याही आल्या आल्या न घेता दोन-चार दिवस थांबून, तातडीची सूचना नसेल तर.